जुना चिकट झालेला व्हेप मॉड घरी उघडून परत रंगवणे: रंग कुठे लावू नये ते आधी बघा

गॅरेजवाला_एमके

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला असतो, इथे व्हेप म्हणजे ई-सिगरेट कायदेशीर आहे, आणि हा धागा व्हेप ओढावा की नाही यावर नाहीये, ती मारामारी वेगळ्या धाग्यावर करू. विषय असा की सिगरेट सोडताना घेतलेला एक मोठा बॉक्स मॉड, म्हणजे व्हेपचा सेल, बोर्ड आणि बटणं असलेला डबा, बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता, तीन १८६५० सेलवाला (गोल रिचार्जेबल लिथियम सेल), चांगला जडशीळ. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. १ जून २०२५ पासून इथे वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली तेव्हापासून बऱ्याच लोकांनी असे जुने डबे बाहेर काढलेत, मीही काढला तर हाताला अक्षरशः गूळ लागल्यासारखा चिकट, आणि कोपऱ्यांवरचा रंग पोपडे होऊन निघालेला. आतलं सगळं मात्र ठणठणीत.

तर तो पूर्ण उघडून, जुना रंग काढून, परत रंगवला. शोधल्यावर व्हिडिओ भरपूर सापडतात पण त्यात सगळे रंग कसा मारायचा तेच दाखवतात, कुठे मारायचा नाही ते कोणी नीट सांगत नाही, आणि या वस्तूत खरी गोम तिथेच आहे. टेबलफॅन रंगवला आणि रंग जरा जास्त बसला तर फॅन फक्त ओबडधोबड दिसेल. इथे फायर बटणाच्या भोवती जी फट असते ती केसाएवढी असते, त्यात प्रायमर अधिक रंग अधिक क्लिअर असे तीन थर आतून बसले की बटण दाबलं की अडकतं, परत वर येत नाही. म्हणजे कॉइल, लिक्विड तापवणारी तार, तापतच राहणार. बऱ्याच मॉडमध्ये दहा सेकंदांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, पण खिशात एखादी वस्तू स्वतःहून चालू होणं या प्रकाराला मी त्या सोयीच्या भरवशावर सोडणार नाही.

म्हणून रंगापासून वाचवायच्या जागा आधी सांगतो. बटणाचं भोक आतून, वर-खाली करायच्या छोट्या बटणांची भोकं, दाराच्या कडा जिथे बॉडीत बसतात, मॅग्नेटचे चेहरे, वरचा ५१० कनेक्टर म्हणजे जिथे लिक्विडचा टँक फिरवून लावतो तो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेलच्या खालची नाहीतर दारावरची ती बारीक भोकं. ती भोकं शोभेची नाहीत. सेल बिघडून गॅस सोडायला लागला तर तो बाहेर जायची वाट तीच आहे. ती रंगाने बुजवली तर बंद डब्यात दाब साठणार. रंग मारून झाल्यावर प्रत्येक भोकातून सुई आरपार जाते का बघायचं, मास्किंग केलेलं असलं तरी.

बाकी पायऱ्या विचाराल तशा लिहितो. सेल अर्थातच सगळ्यात आधी बाहेर काढायचे.

चहा_खारी

वा, काहीतरी नवीन. एक बेसिक प्रश्न, चिकट का होतं हे? माझ्या जुन्या माऊसला अगदी असंच झालंय, आणि मुंबईत तर होतंच होतं.

गॅरेजवाला_एमके

@चहा_खारी तो रबरासारखा मऊ वाटणारा लेप पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याची साखळी हळूहळू तुटते, मग तो परत चिकट होतो. माऊस, दुर्बिणी, जुने लॅपटॉप, गाड्यांची आतली बटणं, सगळ्यांची तीच कहाणी. मुंबईच्या हवेत लवकर होणार यात नवल नाही, दमट हवा आणि उष्णता दोन्ही आहे. धुवून जात नाही कारण ती घाण नाहीये, लेपच विरघळतोय.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन चोळायचं, मळ निघावा तशा काळ्या वळ्या निघतात. वेळखाऊ आहे, कंटाळवाणं आहे, पण खाली काही इजा होत नाही. अॅसिटोन झटपट काम करतं पण मॉडमध्ये स्क्रीनची काच म्हणजे बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतं, त्यावर एक थेंब पडला की ती दुधी झालीच म्हणून समजा. माऊस तर पूर्ण प्लास्टिक, त्याला अॅसिटोनच्या आसपाससुद्धा नेऊ नका.

परशुराम_घाट

आमच्याकडे चिपळूणला वडिलांची दुर्बीण आहे, पक्षी बघायची, ती अशीच झालीये, हातात धरवत नाही. अल्कोहोल चालेल का तिला?

गॅरेजवाला_एमके

चालेल पण कापड ओलं नको, फक्त दमट हवं, आणि लेन्सच्या कडेला आणि फोकसच्या चाकापाशी थांबायचं. अल्कोहोल आत झिरपलं तर आतलं ग्रीस पातळ होऊन काचेवर फिल्म येते आणि मग ती दुर्बीण उघडणं आपलं काम नाही. दोन्ही बाजूच्या लेन्सना टोपणं लावून वरून टेप मारा. खाली बहुतेक काळं प्लास्टिक नाहीतर अॅल्युमिनियम निघेल, ते तसंच ठेवलं तरी वाईट दिसत नाही, रंगवायच्या भानगडीत पडू नका.

भट्टीवाला_सातारा

राम राम. मी बुलेट, चेतक, जुने पंखे असलं काम करतो, गॅरेज आहे आपलं. एवढुसा डबा आहे तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर टाकायचा, सकाळी सगळा रंग गळून पडतो. आम्ही लोखंडी पार्ट असेच साफ करतो. आणि वरून पावडर कोटिंग मारा, भट्टीत भाजलं की दगडासारखं होतं, स्प्रे कॅनचा रंग म्हणजे पोरखेळ.

तांब्याची_तार

अहो सातारकर, लोखंडाला ठीक आहे, पण हा डबा लोखंडाचा नाहीये. असले मॉड बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, काही अॅल्युमिनियमचे. दोन्ही धातू कॉस्टिकमध्ये विरघळतात आणि वर हायड्रोजन सुटतो तो वेगळाच. सकाळी उठून बघाल तर रंग गेलाय आणि डबापण गेलाय.

कोणता धातू आहे ते हातात घेऊनच कळतं. अॅल्युमिनियमची घनता २.७, जस्ताच्या मिश्रधातूची साधारण ६.६ ते ६.७. तोच आकार, अडीचपट वजन. लोहचुंबक दोन्हीला चिकटत नाही म्हणून त्यावर जाऊ नका.

गॅरेजवाला_एमके

@भट्टीवाला_सातारा दादा, पावडर कोटिंगचा विचार मीही केला होता, तुमचं म्हणणं बरोबर आहे की टिकायला त्याच्यासारखं काही नाही. पण दोन अडचणी. एक, ओतीव जस्तात आत बारीक हवेच्या पोकळ्या असतात, भट्टीत १८०-२०० अंशाला ती हवा फुगते आणि रंगातून फोड नाहीतर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडून बाहेर येते. आधी रिकामा भाजून घेतला तर कमी होतं, जातच असं नाही. दुसरी अडचण मॅग्नेट. दाराला धरून ठेवणारे मॅग्नेट निओडायमियमचे असतात, साधे ग्रेड ८० अंशाच्या पुढे गेले की त्यांची ताकद जायला लागते आणि परत येत नाही. ते बॉडीत इपॉक्सीने चिकटवलेले असतात, काढायला गेलं तर तुटतात, भंगुर असतात फार. म्हणजे रंग दगडासारखा पण दार खाली पडतंय, असं होणार.

भट्टीवाला_सातारा

मॅग्नेटचं डोक्यात आलं नव्हतं. पटलं. मग प्रायमर कोणता मारला? रेड ऑक्साईड मारला असाल तर आत्ताच सांगतो, वर्षात सुटणार. जीआय पत्र्याचा अनुभव आहे आम्हाला. गिऱ्हाईक हट्ट करतं, पत्र्याला साधा ऑइल पेंट मारा म्हणतं, मारला की पहिल्या पावसाळ्यानंतर सोललेल्या बटाट्यासारखा निघतो, खाली पत्रा कोरा करकरीत.

तांब्याची_तार

ते जस्तामुळेच. ऑइल पेंटमधलं तेल आणि जस्त यांची क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो. रंग धातूला धरून नसतोच, साबणावर बसलेला असतो. जीआय पत्र्यावर जस्ताचा मुलामा आणि या डब्यात सगळंच जस्त, नियम एकच.

गॅरेजवाला_एमके

हा मुद्दा सोन्याचा आहे दोघांचा, धन्यवाद. मी एच (etch) प्रायमर वापरला, अॅसिडवाला, पातळ, एकच हात. तो धातूला किंचित खातो आणि पकडतो. इथे गाड्यांच्या सामानाच्या दुकानात कॅनमध्ये मिळतो. क्रम सांगतो मग.

जुना रंग सगळा गेल्यावर ४०० नंबरचा पाणी पेपर, ओला करूनच. कोरडं घासू नका, ती धूळ नाकात जाते. चकचकीत करायचं नाहीये, उलट मळकट राखाडी एकसारखं दिसलं पाहिजे, कुठे चमकतंय म्हणजे तिथे पेपर पोचला नाही. कोपऱ्यांत आणि बटणाभोवती पेपर जात नाही तिथे भांडी घासायची हिरवी घासणी, नवीन, तेलकट झालेली नाही. मग धुवायचं, वाळवायचं आणि परत अल्कोहोलने पुसायचं, आणि त्यानंतर हात लावायचा नाही, रबरी मोजे. जुन्या मॉडच्या सांध्यांमधे ई-लिक्विड झिरपलेलं असतं, ते प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, बघायला कोरडं वाटतं पण आतून हळूच वर येतं आणि नेमकं तिथेच प्रायमर फाटतो. म्हणून पुसल्यावर थोडा वेळ कोमट जागी ठेवून परत पुसायचं. हे कंटाळवाणं काम आहे आणि लोक इथेच घाई करतात.

खड्डे असतील तर लांबी (पुट्टी) भरायची ती प्रायमरच्या आधी, कोऱ्या घासलेल्या धातूवर. एच प्रायमरवर पॉलिस्टरची लांबी बसत नाही, अॅसिडमुळे नीट कडक होत नाही.

भट्टीवाला_सातारा

बरोबर. एच वर लांबी नाही, एच वर आधी साधा सरफेसर, मग लांबी. शिकलेले दिसताय.

खडूस_काकू

एवढं सगळं विषारी ओढायच्या यंत्रासाठी? कचऱ्यात टाका की सरळ.

गॅरेजवाला_एमके

काकू, कचऱ्यात टाकता येत नाही हो, हाच तर प्रॉब्लेम आहे. यात इलेक्ट्रॉनिक्स आहे, सेल आहेत, कचरागाडीत दाबले गेले की आग लागते. इथे व्हेपच्या दुकानांना जुनी यंत्रं परत घ्यावी लागतात, आणि वर्षाला ३२ किलोपेक्षा जास्त बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानांना वापरलेल्या बॅटऱ्या परत घेणं बंधनकारक आहे. टाकायचाच झाला तरी तिथे. आणि विषारीचं म्हणाल तर इथली सरकारी आरोग्यसेवा म्हणते की सिगरेटपेक्षा घातक कमी पण निरुपद्रवी नाही, आणि जे ओढत नाहीत त्यांनी सुरू करू नये. मला ते पटतं.

खडूस_काकू

बरं. सिगरेट सुटली असेल तर माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडे सुटत नाहीये कोणाची.

वकिली_चष्मा

धागा वाचून भारतातल्या कोणी उत्साहात येऊ नये म्हणून लिहितो. भारतात ई-सिगरेटवर बंदीचा १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलं तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. साठा करणं वेगळा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत किंवा पन्नास हजारांपर्यंत. तेव्हा दिवाळीला घरी येताना बॅगेत टाकून आणू नका, ती आयातच धरली जाऊ शकते. ऑनलाईन मागवणं पण तसंच.

आंग_मो_किओ

सिंगापूरला तर नुसतं जवळ बाळगणं किंवा ओढणंसुद्धा गुन्हा आहे, विमान बदलताना पण भानगड होऊ शकते. इथल्या मराठी मंडळींनी धागा वाचून नुसता आनंद घ्यावा.

व्यवस्थापन

वरचे दोन्ही प्रतिसाद लक्षात घ्या. या धाग्यावर यंत्र, लिक्विड किंवा दुकानांच्या लिंका देऊ नयेत. रंगकाम, दुरुस्ती, सेलची सुरक्षितता यावर चर्चा चालू द्या.

गॅरेजवाला_एमके

मान्य. माझा तर भारतात आणायचा प्रश्नच नाही, इथेच राहणार तो.

तांब्याची_तार

रंगाचं खूप झालं, मी आतलं विचारतो. बोर्ड बाहेर काढलात का? काढला असाल तर वायरी डिसोल्डर केल्या की तशाच ठेवल्या? तीन सेल सिरीजमधे म्हणजे फुल चार्जला १२.६ व्होल्ट, आणि मधे बॅलन्सच्या बारीक वायरी असणार. त्या उलटसुलट जोडल्या तर बोर्ड गेला.

गॅरेजवाला_एमके

बोर्ड, स्क्रीन, बटणं, सगळं एका सापळ्यावर बसलंय माझ्या मॉडमधे, तो चार स्क्रू काढून आख्खा बाहेर येतो, म्हणून बॅटरीच्या वायरींना हात लावायची वेळ आली नाही. फक्त ५१० कनेक्टर बॉडीला नट लावून आवळलेला होता, त्याची मधल्या पिनची वायर सोडवावी लागली. तिथे ३० वॉटची सोल्डरिंगची कावी चालत नाही, तो पितळ्याचा गोळा सगळी उष्णता खाऊन टाकतो, आणि मग लोक कावी धरूनच बसतात आणि मधला इन्सुलेटर वितळवतात. मोठी कावी, मोठं टोक, पटकन लावायचं पटकन उचलायचं.

परत जोडल्यावर सेल घालायच्या आधी मल्टिमीटरने मधली पिन आणि बॉडी यांच्यात बघायचं, टँक न लावता. उघडं सर्किट दाखवलं पाहिजे. बीप वाजली तर थांबा, कुठेतरी सोल्डरचा तुकडा नाहीतर वाकडी पिन आहे.

आणि ५१० बद्दल अजून एक. टँकचा निगेटिव्ह हा त्याच्या आट्यांमधूनच जातो. आट्यांवर किंवा वरच्या गोल चकतीवर रंग उडाला तर स्क्रीनवर ओहम नाचतात, कधी ०.२ कधी ०.४, कधी कॉइल सापडतच नाही, आणि माणूस बोर्ड खराब झाला समजून बसतो. मी तिथे एक जुना फुटका टँकच फिरवून ठेवला होता रंग मारताना, त्याच्यासारखं मास्किंग दुसरं नाही.

चहा_खारी

हे भारी आहे, जुना टँक बूच म्हणून.

तांब्याची_तार

सेल जुनेच घातले का?

गॅरेजवाला_एमके

अजिबात नाही. पडून पडून ते २.५ व्होल्टच्या खाली गेलेले, तसले सेल परत चार्ज करून वापरायच्या फंदात पडायचं नसतं. नवे तीन, एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, आणि ते तिघं कायम एकत्रच वापरायचे, एकत्रच चार्ज करायचे.

आणि डब्यावर २०० वॉट लिहिलंय म्हणून कोणी २०० लावू नये. हिशोब सोपा आहे. २०० भागिले तीन म्हणजे एका सेलवर साधारण ६७ वॉट. सेल उतरत आला की ३.२ व्होल्ट धरा, बोर्डाची कार्यक्षमता ९० टक्के धरा, तर एका सेलमधून २३ अँपिअर ओढले जातात. बऱ्याच चांगल्या सेलची सलग क्षमता २० असते. १५० वॉटला तोच आकडा १७ च्या आसपास येतो, तिथे जीव भांड्यात पडतो. मी स्वतः त्याच्या निम्म्यावरही जात नाही.

पिंपरीचा_पाना

मी टॉर्चसाठी ऑनलाईन ९९०० एमएएचचे १८६५० घेतले स्वस्तात, ते चालतील का असल्या गोष्टींना?

तांब्याची_तार

भाऊ ते कुठल्याच गोष्टीला चालणार नाहीत. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी एवढ्या डबीत आज साधारण ३५०० च्या आसपास मावतं, फार तर थोडं पुढे. ९९०० लिहिलंय म्हणजे आत छोटा सेल आणि वर वाळू भरलेली असली तरी मला आश्चर्य वाटणार नाही. टॉर्चमधून पण काढा.

गॅरेजवाला_एमके

+१. आणि सेलच्या वरचं प्लास्टिकचं आवरण फाटलेलं असेल तर तो सेल या धातूच्या डब्यात घालू नका. लोकांना वाटतं आवरण नावगाव छापायला असतं. सेलची आख्खी डबी निगेटिव्ह असते, वरच्या पॉझिटिव्ह टोकाच्या अगदी काठापर्यंत. मधे फक्त एक कागदी चकती आणि ते आवरण. तिथे ओरखडा पडला आणि धातूच्या नळीला टेकला की शॉर्ट. आवरणं सुटी मिळतात, घालून ड्रायरने गरम केली की आवळून बसतात, चकती बदलायला विसरायचं नाही. पण डबीवर पोचा किंवा गंज असेल तर आवरण बदलून उपयोग नाही.

भट्टीवाला_सातारा

आता वरचा कोट सांगा. क्लिअर कोणता? साधा लॅकर असेल तर ते तुमचं लिक्विड सांडलं की उठणार.

गॅरेजवाला_एमके

अगदी. हाच इथला खरा पेच आहे दादा. कॅनमधला साधा एक-घटकी अॅक्रिलिक रंग आणि लॅकर दिसायला फर्स्टक्लास, पण ग्लायकॉल त्याला मऊ करतं. न गळणारा टँक अजून बनायचाय, आणि गळतो तो नेमका वरच्या चकतीभोवती, तिथे रंग सुरकुततो. टिकतं ते टू-के क्लिअर, हार्डनरवालं.

पण टू-के मध्ये आयसोसायनेट असतात. आता त्याचे कॅनही मिळतात, खालचा खटका दाबला की आत हार्डनर मिसळतो, म्हणून लोकांना वाटतं साधाच स्प्रे आहे. तो वाफारा फुफ्फुसात गेला तर दमा लागतो, आणि एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की पुढे जरासा वास आला तरी त्रास होतो, कायमचा. साधा कापडी मास्क तर सोडाच, कार्बनवाल्या मास्कवरही पूर्ण विसंबता येत नाही, कारण काडतूस संपलं की वासाने कळत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. माझं गॅरेज घराला चिकटून आहे आणि वर मुलं झोपतात. तेव्हा रंगापर्यंत मी केलं आणि क्लिअर एका ओळखीच्या बॉडी शॉपवाल्याने त्याच्या बूथमधे मारून दिला, गाडीचा दरवाजा चालूच होता त्याचा, त्याच बॅचमधे.

घरीच सगळं करायचं असेल तर माझं मत, क्लिअर करूच नका. रंग मॅट ठेवा, खराब झाला तर परत मारा. किंवा वरून विनायलचा रॅप लावा.

भट्टीवाला_सातारा

हे सगळ्या पोरांना वाचायला द्यायला पाहिजे. आमच्याकडे पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारताना तोंडाला रुमाल बांधतात फक्त. मी स्वतः वीस-पंचवीस वर्षं तेच केलं. आता जिना चढताना कळतं.

खडूस_काकू

भट्टीवाले भाऊ, एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. श्वासाची फुंकर मारायची तपासणी असते, स्पायरोमेट्री, लगेच होते. आणि डॉक्टरांना काम काय करता ते सांगा नक्की, रंगाचं नाव सांगा.

भट्टीवाला_सातारा

हो काकू. दाखवतो.

पिंपरीचा_पाना

रंग मारताना पांढरट ढगासारखं येतं माझ्या कामात, सायकल रंगवली पावसाळ्यात तर सगळी राखाडी झाली. ते काय?

भट्टीवाला_सातारा

ब्लशिंग. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं, रंगात अडकतं. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोजचा) रंग मारायचाच नाही, मारायचा झालाच तर रिटार्डर, म्हणजे हळू उडणारं थिनर घालायचं. गनवाल्यांना जमतं, कॅनवाल्यांनी उन्हाची वाट बघायची.

गॅरेजवाला_एमके

इथे उन्हाची वाट बघितली तर मॉड वारसाहक्काने मुलाकडे जायचा :D मी कॅन कोमट पाण्याच्या बादलीत ठेवतो, कोमट, गरम नाही, गरम पाण्यात किंवा हीटरवर कॅन ठेवणं म्हणजे बॉम्ब. डबा आदल्या रात्री घरात आणून ठेवतो म्हणजे तो गार नसतो. आणि पातळ पातळ हात. पहिला हात तर असा की खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे, तिथे भरून काढायचा मोह आवरायचा. त्रिकोणी आकाराचा डबा असेल तर कोपऱ्यांवर रंग ओघळत नाही पण पातळ बसतो, म्हणून आधी कोपऱ्यांवरून एक एक झोत आणि मग सपाट बाजू.

मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी काढायची, थोडा ओलसर असतानाच, तिरकी ओढून. कडक झाल्यावर काढलात तर टेपबरोबर रंगाची कड उचलली जाते.

चहा_खारी

रंग कोणता दिला शेवटी? एसटीचा लाल द्यायचा होतात, वर पिवळा पट्टा. परदेशात लालपरी फिरली असती.

गॅरेजवाला_एमके

डोक्यात आलं होतं खरं! पण पट्ट्यासाठी परत मास्किंग आणि परत कडा. गडद हिरवा दिलाय, जुन्या ब्रिटिश रेसिंग गाड्यांचा असतो तो. बटण रंगवलंच नाही, ते स्टीलचं आहे, नुसतं एका दिशेने घासून घेतलं. बटणाला रंग दिला तर फट दोन्हीकडून कमी होते, भोकाकडून आणि बटणाकडून.

आंग_मो_किओ

टँक तोच जुना लावला का? हल्ली तिकडे २ मिलिलिटरच्या वर मिळत नाही ना?

गॅरेजवाला_एमके

हो, इथे टँक २ मिलिलिटर आणि निकोटीनवाल्या लिक्विडची बाटली १० मिलिलिटर, निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, हे नियम २०१६ चे, मे २०१७ पासून पूर्ण लागू. माझा टँक त्याच्या आधीचा, म्हणून मोठा आहे. काच आणि धातू कोमट पाण्यात धुतले, सगळ्या ओ-रिंगा बदलल्या कारण जुन्या चपट्या झालेल्या, कॉइल आणि कापूस नवा. टँकला रंग अजिबात नाही, तोंडाला लागणाऱ्या आणि तापणाऱ्या वस्तूला स्प्रे कॅन लावायचा नसतो.

परशुराम_घाट

वडिलांची दुर्बीण झाली साफ. खाली अॅल्युमिनियमच निघालं. ते म्हणतायत आता चमकते, पक्षी उडून जातील, काळा रंग मार :( काय करू?

भट्टीवाला_सातारा

रंग नको. सायकलच्या दुकानात हँडलला गुंडाळायची कापडी टेप मिळते, काळी. ती गुंडाळा. उद्या खराब झाली तर काढून दुसरी.